पोळी मोडली म्हणून अर्धा तास रडायचं?

या वेळी पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर, मूल रडतंय, फेकतंय, ओरडतंय आणि आपण काहीही बोललो तरी उपयोग होत नाही. जी घेतलीत ती जरा छाटून घेतलीत, नावं-गावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत. आधी पत्र, त्याखाली माझं, म्हणजे काउन्सिलरचं, उत्तर.

ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत जातो. शाळेत म्हणे एकदम शहाणा, टीचर कौतुक करतात. घरी आला की दप्तर एकीकडे, बूट एकीकडे, आणि मग काहीतरी कारण काढून रडारड. परवा मी त्याची पोळी मोडून वरणात कालवून दिली तर "जोड ती, जोड ती" म्हणून अर्धा तास रडला. मी म्हटलं रडू नको दुसरी देते, तर दुसरी पण फेकली. सासूबाई म्हणतात मोबाईल द्या, दोन मिनिटांत गप्प होतो, आणि खरंच होतो. मिस्टर म्हणतात एकदा बाथरूममध्ये कोंडून ठेव, सुधारेल. माझं काय चुकतंय?

तुमचं फार काही चुकत नाहीये, फक्त दुसरी पोळी लवकर आली. म्हणजे तो रागाच्या ऐन भरात असताना तुम्ही उपाय काढला, आणि त्याला त्या क्षणाला उपाय नको होता, कुणालातरी कळायला हवं होतं की त्याची पोळी मोडली, त्याला न विचारता मोडली. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, पण साडेचार वर्षांच्या माणसाच्या हातात दिवसभरात ठरवण्यासारखं असतं काय? उठायचं कधी, कपडे कुठले, व्हॅन कधी येणार, डबा कधी उघडायचा, सगळं दुसरेच ठरवतात. पोळी कुठून मोडायची एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

आणि दुसरं असं की तो शाळेत शहाणा आहे म्हणूनच घरी असा आहे. तीन-चार तास तो स्वतःला आवरून बसतो, रांगेत उभा राहतो, सू लागली तरी थांबतो, शेजारच्याने खोडरबर घेतलं तरी रडत नाही. ही आवरून धरण्याची ताकद मेंदूच्या पुढच्या भागातून येते आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते, मग साडेचाराव्या वर्षी ती ताकद दुपारी एकपर्यंत संपली तर नवल काय. त्यात भूक असते, झोप असते. घरी आल्यावर जिथे भीती नाही तिथे सगळं बाहेर येतं, म्हणजे तुमच्यापाशी येतं. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही खरं तर, पण त्रास होतो हे मान्य.

तर पुढच्या वेळी असं करून बघा. आधी गॅस बंद करा, कारण एक डोळा कढईवर ठेवून मुलाचं ऐकता येत नाही. खाली बसा, त्याच्या उंचीला या. आणि बोला अगदी थोडं, सावकाश, "तुला स्वतः मोडायची होती पोळी. आईने आधीच मोडली. खूप राग आला." एवढंच. मग गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला गप्प बसवत नाही, लगेच "पण बाळा" सुरू होतं. त्या "पण"नंतरचा उपदेश त्याच्या कानात शिरत नाही, रागाने धडधडतंय, श्वास वर लागलाय, अशात आपल्यालाही कुणी समजावलेलं चालत नाही, त्याला कुठून चालणार. बऱ्याचदा तुम्ही हे बोललात की रडणं आधी वाढेल, घाबरू नका, ते उतरायच्या आधीचं वाढणं असतं.

तुमचा अंदाज चुकला तरी चालतो. तो ओरडून सांगेल "नाहीईई, मला वरण वेगळं हवं होतं!" बघा, आता तो पोळी जोड म्हणत नाहीये, नेमकं काय झालं ते सांगतोय. "का रडतोस, काय झालं सांग ना" असं दहा वेळा विचारून हे निघालं नसतं, कारण का रडतोय हे त्यालाच माहीत नसतं, आपण एक अंदाज पुढे केला की तो हो किंवा नाही तरी म्हणू शकतो.

भावनेला नाव दिलं की ती थोडी निवते हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने मोठ्या माणसांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचं स्कॅन केलं होतं, त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डला, कमी उसळत होता. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पोरांवर जशाच्या तसा लावू नये, पण दिशा तीच. आणि पालकांनी असं ऐकायला शिकावं ही कल्पनाही आजची नाही, थॉमस गॉर्डन या मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये त्यासाठी कॅलिफोर्नियातच पालकांचे वर्ग सुरू केले होते. आता रील्सवर हे सगळं कालच शोधल्यासारखं सांगतात ते सोडा.

ऐकायचं म्हणजे फेकू द्यायचं असं मात्र नाही हां. ताट उचललं की हात धरायचा, घट्ट पण न आवळता, "ताट फेकायचं नाही, मी धरलंय." राग येऊ दे, ताट जागेवर राहू दे. काही मुलांना अशा वेळी हात लावलेला अजिबात खपत नाही, तर मग ताट उचलून ओट्यावर ठेवा आणि शेजारी नुसत्या बसा. शिकवायचं ते नंतर, पोट भरल्यावर, हसत-खेळत, "उद्या पोळी कोण मोडणार?" बस, झाली शिकवणी.

शाळेतून आल्याआल्या "आज काय शिकवलं, डबा का नाही संपवला" ही चौकशी बंद करा. आधी पाणी, मग खाणं, मग थोडा वेळ कुणी काही विचारायचं नाही. मला वाटतं निम्मी भांडणं इथेच मिटतील.

मोबाईलचं सांगते. तो चालतो, तीच अडचण आहे. रडणं थांबतं पण राग आला तर काय करायचं हे तो शिकतच नाही, राग आला की मोबाईल मिळतो एवढं शिकतो. बालरोगतज्ज्ञांची आपली संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन म्हणते, तो तास असला तरी रडण्याच्या वेळी नको, ठरलेल्या वेळी द्या. सासूबाईंशी मात्र यावरून वाद घालू नका, त्यांना काम द्या. "आई, तुमच्यापाशी लवकर शांत होतो, तुम्ही घेऊन बसता का जरा?" आजीने मांडीवर घेऊन "अगं बाई, मोडली का माझ्या सोन्याची पोळी" म्हणणं हे आम्ही काउन्सिलर लोक फी घेऊन शिकवतो तेच आहे. फक्त पडल्यावर "कुणी मारलं माझ्या बाळाला, हात् रे" म्हणून फरशीला चापटी मारायची पद्धत तेवढी मला पटत नाही, लागलं की कुणालातरी मारायचं हे पोरं तिथून उचलतात.

बाथरूममध्ये कोंडू नका. गप्प होईल तो, पण भीतीने, आणि पुढे रात्री एकटा बाथरूमला जायला तयार होणार नाही ते वेगळंच.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची. दुकानात गेलं की हे पाहिजे ते पाहिजे, नाही म्हटलं की खाली बसकण. लोक बघतात. बायको म्हणते तिचं ऐकून घ्या. मॅडम, ऐकून घेत गेलो तर ती डोक्यावर बसेल असं मला वाटतं.

दादा, ऐकून घेणं आणि घेऊन देणं यात गल्लत होतेय. "तुला ते लाल पाकीट हवंय, आत खेळणं आहे ना, मस्त दिसतंय. आज घ्यायचं नाही." झालं ऐकून, खिशातून एक रुपया गेला नाही.

डोक्यावर कधी बसतात माहितीये? नाही, नाही, नाही म्हणून सहाव्यांदा "बरं घे बाई, पण गप्प बस" म्हटलं की. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदरांवर हे केव्हाच दाखवून ठेवलंय, प्रत्येक वेळी मिळणारं बक्षीस बंद केलं तर सवय लवकर सुटते, पण कधी मिळतं कधी नाही असं असेल तर सवय सुटता सुटत नाही. लॉटरीचं दुकान त्याच्यावरच चालतं. म्हणजे चारदा नाही म्हणून पाचव्यांदा देणारा बाप सगळ्यात चिवट हट्ट तयार करतो. द्यायचंच असेल तर पहिल्या मागण्याला हसत द्या. नसेल द्यायचं तर शेवटपर्यंत नाही.

आणि सांगून ठेवते, तुम्ही ठाम राहायला लागलात की पहिले काही दिवस रडणं जास्त होणार. आत्तापर्यंत या आवाजाला मिळत होतं, आता मिळत नाही, म्हणजे आवाज कमी पडतोय असं तिला वाटणार. बहुतेक आईबाप नेमके इथेच कच खातात आणि "ते काउन्सिलिंग वगैरे आमच्याकडे चालत नाही" म्हणतात.

घरातून निघतानाच सांगा, आज दूध आणि कोथिंबीर, बाकी काही नाही. पिशवी तिच्या हातात द्या, कोथिंबीर तिला निवडू दे. नीट आली तर घरी येऊन नुसतं "गुड गर्ल" नको, "तुला बिस्किटं दिसली, हवी होती, तरी तू पिशवी धरून उभी राहिलीस" असं बघितलेलं सांगा. लोक बघतात त्याचं काय करायचं, तर बघू द्या, त्यातल्या निम्म्यांच्या घरी हेच चाललंय. आणि तो दुकानदार जो "घे गं बाळा, पप्पांच्या खात्यावर लिहितो" म्हणतो त्याच्याशी एकदा बाजूला घेऊन बोला, खरं दुखणं तिथे असू शकतं.

सप्रेम नमस्कार. माझा नातू चौदा महिन्यांचा आहे. हातातली वस्तू काढून घेतली की जोरात रडायला लागतो आणि रडता रडता श्वासच अडकतो, ओठ निळे पडतात, एकदा तर मान टाकली. थोड्या वेळात आपोआप ठीक होतो. आम्ही तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो. आता घरात कुणी त्याला नाही म्हणायलाच धजत नाही. हा हट्ट समजायचा की आजार?

आजोबा, हट्ट तर नक्कीच नाही, चौदा महिन्यांचं बाळ ठरवून श्वास कोंडू शकत नाही. रडताना श्वास बाहेर जातो आणि आत घेतलाच जात नाही, आपोआप होतं ते. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या वयात सुरू होतं आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचं जातं, बघणाऱ्याचा जीव जातो पण बाळाला सहसा इजा होत नाही. तरीही हे निदान पत्रावर करायचं नाही, अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल तर याच आठवड्यात दाखवा. न रडताच असं झालं, मिनिटाहून जास्त चाललं, हातपाय झटकत राहिला किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते ईसीजी काढायला सांगतील.

आणि हिमोग्लोबिन, लोह तपासायला सांगा, हे विसरू नका. शरीरात लोह कमी असलेल्या बाळांत हे जास्त दिसतं आणि लोहाचं औषध सुरू केल्यावर अनेकांचं कमी होतं. नातू दिवसभर गाईम्हशीच्या दुधावरच आहे का, चहात बिस्किट बुडवून देता का? दोन्हीने लोह कमी पडतं. डोस मात्र डॉक्टर ठरवतील तोच, मेडिकलवाल्याला विचारून बाटली आणू नका.

असं होईल तेव्हा कुशीवर निजवा, आजूबाजूचं टोकेरी काही असेल ते सरकवा, तोंडात बोट-चमचा घालू नका, गदागदा हलवू नका. कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही, पाणीही नको. शुद्धीवर आला की जवळ घ्या पण सगळं घर गोळा करू नका. आणि नाही म्हणायचं तिथे म्हणा, विळी मागितली तर विळी मिळणार नाही. काढून घेताना दुसऱ्या हाताने चमचा-वाटी पुढे करा, या वयात तेवढ्याने बऱ्याचदा लक्ष वळतं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवतो. एक मुलगा दिवाळीपर्यंत बरा होता, आता रोज मारामारी, वही फाडतो, बाकाखाली जाऊन बसतो, ओढून काढलं की चावतो. आईवडील ऊसतोडीला गेलेत, आजीजवळ असतो. वर्गात चौतीस पोरं आहेत, याच्या एकट्यापाशी किती बसू? सहकारी म्हणतात दोन ठेवून द्या, गप्प होईल.

सर, दोन ठेवून द्यायचा प्रश्नच येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, मारणंही नाही आणि अपमान करणंही नाही. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं, जो मुलगा बाकाखाली लपतोय तो आधीच कशाला तरी घाबरलाय.

कारण तुम्हीच लिहिलंय, दिवाळी. टोळी निघाली, ट्रॅक्टरमध्ये आईवडील बसले, कदाचित धाकटं भावंड बरोबर गेलं आणि हा मागे राहिला. सात वर्षांच्या पोराला कोयता, उचल, मुकादम हे कळत नाही, मला ठेवून गेले एवढंच कळतं. हे तो बोलून दाखवणार नाही, वही फाडून दाखवेल.

चौतीस पोरांत वेळ नाही हे मान्यच, म्हणून चिडलेला असतानाचा वेळ मागत नाहीये मी, सकाळचा मागतेय. परिपाठाच्या आधी दोन मिनिटं, रोज, त्याच्याशी काहीही बोला, शेळी व्याली का, आजीने काय केलं होतं. अधूनमधून "आईची आठवण येत असेल" म्हणा. रडला तर रडू द्या. फक्त "येईल हं लवकर" म्हणू नका, कारखाना कधी बंद होणार आणि टोळी कधी सुटणार ते तुमच्या हातात नाही, गुढीपाडवा उलटला आणि आई आली नाही की तुमच्यावरचा विश्वास गेला. त्यापेक्षा आठवड्याचा एक वार ठरवून तुमच्या फोनवरून आईशी बोलणं करून देता आलं तर बघा, तो वार मात्र चुकवू नका.

एका वहीत दोन आठवडे लिहा, भडकण्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. माझा अंदाज असा की गणिताच्या तासाला किंवा खिचडीच्या आधी जास्त होत असेल, आणि मिळत असेल ते असं की बाकाखाली गेलं की गणित सुटतं आणि कुणी बोलत नाही. ही सुटका त्याला न चावता मिळू द्या. एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर हात काढलेला, डोकं फिरायला लागलं की ते दाखवायचं आणि मागे माठापाशी पाच मिनिटं बसायचं, मग येऊन निम्मी गणितं करायची, पूर्ण नाही. सुरुवातीला तुम्हीच ओळखून कार्ड पुढे करा. आधी उठसूट दाखवेल, दाखवू द्या, चावण्यापेक्षा बरं. पहिल्यांदा दाखवेल तेव्हा वर्गासमोर टाळ्या नकोत, नुसतं मान हलवून "बरं केलंस" म्हणा, अशा पोरांना जाहीर कौतुक सोसत नाही. बाकाखालून ओढू नका. बाकीच्यांना बाजूला करा, तुम्ही दोन हात अंतरावर पाठ करून बसा, आपण होऊन येतो. चावतो तो ओढल्यावरच चावतो असं तुम्हीच लिहिलंय.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरजवळच्या कोसबाडला आदिवासी पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे बघून कुरणातच शाळा नेली होती. एका कार्डाने आणि माठापाशी जागा दिल्याने वर्गाची शिस्त मोडते म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना ही गोष्ट सांगा.

मी शांत राहायचं खूप ठरवते पण दिवसाच्या शेवटी हात उचलला जातो. मग रात्री तो झोपल्यावर मी रडते. माझ्यासारख्या आईने हे ऐकणं-बिकणं करायचं तरी कसं?

झोपल्यावर रडू नका, तो जागा असताना बोला. "मी तुला मारलं, ते चूक होतं. मला राग आला होता, तरी मारायला नको होतं." पूर्णविराम. "पण तू पण ना" लावलं की माफी संपली. आणि हात उचलला जातो ती वेळ कुठली ते बघा, बहुधा ऑफिसातून आल्यावर स्वयंपाक आणि होमवर्क एकत्र असतो तेव्हा. त्या वेळेला होमवर्क घेऊच नका, किंवा घरात दुसरं मोठं माणूस असेल तर ते घेईल. घरात माणूसच नसेल, किंवा हे रोजचंच झालं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

माझा भाचा पाच वर्षांचा आहे. लग्नात डीजे लागला की कान झाकून लोळतो, घरी मिक्सरलासुद्धा तेच. हाक मारली तर बघत नाही, बोलणं दोन शब्दांचं. वहिनी म्हणते लाडावलाय. आत्या म्हणून मी बोलावं का?

बोला, पण आजाराचं नाव घेऊन नका बोलू, ते ठरवणं तुमचं-माझं काम नाही. हट्टाचं मूल रडताना मधेच बघून घेतं की आपल्याकडे लक्ष आहे का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मिक्सरला घाबरून लोळणाऱ्याला काहीच नको असतं, आवाज बंद हवा असतो, त्याला तिथे समजावत बसू नका, उचलून शांत जागी न्या आणि तुम्हीही कमी बोला. पण आवाज, हाकेला न बघणं आणि बोलणं कमी, हे तिन्ही एकत्र आहे म्हणजे तपासणी हवीच, कानांचीही आणि वाढीचीही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, २०१३ पासून, बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयात याचं केंद्र आहे, डीईआयसी म्हणून विचारा, पैसे लागत नाहीत. वहिनीला "याला काहीतरी आहे" म्हणण्यापेक्षा "त्याला आवाजाचा फार त्रास होतो, मी सुट्टी काढते, आपण दोघी दाखवून येऊ" म्हणा. मिक्सर मुद्दाम लावायचा नाही, पण कधी तसं झालंच तर मोबाईलवर थोडा व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर पोरं नेमकी शांत बसतात.